आधी लवासाचा हिशेब, मग नवे महाबळेश्वर

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



साताऱ्याच्या डोंगरात नवे महाबळेश्वर वसवण्याचा सरकारचा बेत आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या 235 गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. 1,153 चौरस किलोमीटरचा प्रारूप आराखडा आला आणि आणखी गावे त्यात घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. पर्यटन वाढेल, स्थानिकांना रोजगार मिळेल, जुन्या महाबळेश्वरावरचा ताण कमी होईल, असे सांगितले जाते. हे सगळे आम्ही एकदा ऐकलेले आहे. म्हणून आराखड्यावर पुढची सही होण्याआधी आपण एक जुनी फाइल मागवून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

ती फाइल मुळशी तालुक्यातली आहे. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, मुठा असे जात टेमघर धरणाच्या कडेने घाट चढला की साठेक किलोमीटरवर दासवे लागते. नकाशावर दासवे, पाटीवर लवासा.

तळ्याकाठी इमारतींची लांबलचक रांग आहे. कुणाचा रंग गेरूचा, कुणाचा हळदीचा, कुणाचा विटकरी. कमानी, चिमुकल्या गॅलऱ्या, खिडक्यांना झडपा. इटलीतल्या पोर्तोफिनो नावाच्या बंदरगावावरून हे बेतलेले आहे, असे लवासा उभारणारी कंपनी अभिमानाने सांगायची. आता कमानीखाली उभे राहून वर पाहिले की गिलाव्याचे पोपडे सुटलेले दिसतात. पन्हाळीच्या तोंडापासून पार फरशीपर्यंत शेवाळाचा काळा-हिरवा ओघळ उतरलेला असतो. बहुतेक गाळ्यांची शटरे खाली, आणि काहींची कुलपे अशी धरलेली की किल्ली सापडली तरी फिरायची नाही. मागच्या उतारावर अर्धवट इमारतींचे सांगाडे आहेत. त्यांच्या कॉलममधून वर आलेल्या सळया इतके पावसाळे भिजल्या आहेत की गंजाचे पाणी उतरून सिमेंटवर तांबडे पट्टे उमटले आहेत.

दासवे अगदी ओसाड आहे असे म्हटले तर ते खोटे होईल. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, गाड्यांची रांग लागते. भाजलेले कणीस, मॅगी, चहा, रंगीत भिंतीपुढे फोटो, आणि संध्याकाळच्या आत परत घाट. आम्ही पुणेकर फुकटात जिथे हिरवे दिसेल तिथे जातो, त्याला पर्यटन म्हणायचे का हे आपल्या खात्यानेच ठरवावे. काही हॉटेले चालू आहेत. मोजक्या घरांत माणसे राहतात. बंगळूरच्या एका विद्यापीठाची शाखा इथे आहे आणि ती नांदती आहे. सोमवारी सकाळी रस्त्यावर जी जाग दिसते ती मुख्यतः विद्यार्थ्यांची आणि साफसफाई-पहाऱ्याच्या कामावर येणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांची. पर्यटकांसाठी उभारलेल्या शहराला शेवटी धरून ठेवले ते वर्ग, वसतिगृह आणि खाणावळीने. आराखडा करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट नीट पाहिली तरी पुष्कळ होईल.

मूळ कल्पना केवढी होती ते आठवून पाहा. 1996 साली राज्याने डोंगरी भागात खासगी गिरिस्थाने वसवण्यासाठी खास नियमावली काढली. 2001 मध्ये मोसे खोऱ्यातली मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली 18 गावे त्यासाठी अधिसूचित झाली. सूत्रधार होती हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, जिने वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. आराखडा एचओके या नामांकित अमेरिकन संस्थेचा. त्याला परदेशात पुरस्कारही मिळाले. सुमारे 25 हजार एकर, पाच नगरे, तीनेक लाख वस्ती, वर्षाला वीस लाख पर्यटक. निक फाल्डोंचे गोल्फ मैदान आणि स्टीव्ह रेडग्रेव्ह यांची नौकानयन अकादमी होणार होती. ऑक्सफर्डचे नावही घेतले गेले होते. कारभार पाहायला अमेरिकेहून शहर व्यवस्थापक आणला. पाचांपैकी दासवे बऱ्यापैकी उभे राहिले, मुगावला काही कामे झाली. बाकीची नगरे कागदावरून खाली उतरलीच नाहीत.

त्या आराखड्यात चांगले काहीच नव्हते, असे म्हणायला मी तयार नाही. चालत फिरता येईल असा तळ्याकाठचा रस्ता, दाट आणि आटोपशीर वस्ती, पायऱ्या, चौक: पुण्याच्या कुठल्याही नव्या उपनगरात याच्या निम्मेही नसते. चूक रेखाटनात शोधू नये, जागेत शोधावी. शेजारचा ताम्हिणी घाट राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांमध्ये गणला जातो. या मुलखात माणसे उतरती छपरे करतात, वळचण लांब काढतात, पावसाच्या अंगाच्या भिंतीला गवताच्या झडी बांधतात. भूमध्य समुद्राकाठच्या गिलाव्याला इथला आषाढ सोसत नाही. आणि डोंगर कापून सपाट्या काढल्या की काय होते तेही दिसले: जुलै 2024 मध्ये लवासात दरड येऊन बंगले गाडले गेले, माणसांना शोधायला बचाव पथके चिखलात उतरली.

पण पावसाने लवासा बुडाले नाही. लवासा बुडाले ते त्याच्या व्यवहारामुळे, आणि त्या व्यवहाराला राज्याने दिलेल्या मोकळ्या हातामुळे.

महोदय, 2008 साली सरकारने प्रकल्पाच्या लवासा कॉर्पोरेशन या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे जमीन जिच्या ताब्यात, घरे विकणारीही तीच, आणि बांधकामाचे नकाशे मंजूर करणारीही तीच. माझ्या सोसायटीला गच्चीवर पत्रा घालायचा म्हटले तरी महापालिकेत खेटे घालावे लागतात. इथे एका अख्ख्या खोऱ्याची परवानगी अर्जदारानेच अर्जदाराला द्यायची होती. ही व्यवस्था नऊ वर्षे चालली. 2017 मध्ये दर्जा काढून अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले, तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते.

नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण मंजुरीच्या मुद्द्यावरून काम थांबवले. वर्षभराने, नोव्हेंबर 2011 मध्ये, पहिल्या टप्प्यातल्या 2,000 हेक्टरला अटी घालून मंजुरी मिळाली. या एका वर्षाने प्रकल्प मारला, असे आजही सांगितले जाते. त्या वर्षाने नुकसान केले हे खरे. कंपनी भांडवल बाजारातून दोन हजार कोटी उभारायच्या तयारीत होती, तेही राहून गेले. पण बारा महिन्यांची स्थगिती ज्या शहराचा श्वास कोंडते, ते शहर कशावर चालले होते? पर्यटकांच्या खोलीभाड्यावर नक्कीच नाही. ते चालले होते उद्याच्या बुकिंगवर आणि आजच्या कर्जावर. पर्यटन ही दुकानाची पाटी होती, आत विक्री जमिनीची आणि घरांची होती. ज्यांनी घरे घेतली त्यांतल्या कितीतरी जणांना तिथे राहायचे नव्हते. भाव वाढला की विकायचे होते. विकत घेणाऱ्यालाही राहायचे नसेल तर गाव वसणार कसे?

पुढचे आकडे सर्वांना उपलब्ध आहेत, तरी एकत्र मांडते. ऑगस्ट 2018 मध्ये कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. मान्य झालेले दावे सुमारे 6,642 कोटी रुपयांचे. पाच वर्षांनी, जुलै 2023 मध्ये, डार्विन प्लॅटफॉर्म इन्फ्रास्ट्रक्चरची 1,814 कोटींची योजना मंजूर झाली. पैसे एकरकमी येणार नव्हते, आठ वर्षांत यायचे होते. 837 घरखरेदीदारांचे दावे मान्य झालेले होते आणि त्यांना घरे बांधून मिळणार होती. ठरलेली रक्कम आली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली आणि नव्या गिऱ्हाइकाचा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पंधरा-पंधरा वर्षांपूर्वी बुकिंग केलेली माणसे निवृत्त झाली, तरी ताबा नाही आणि पैसेही नाहीत. मुलांच्या नावावर डोंगरातले घर करावे म्हणून भविष्यनिर्वाह निधी मोडणारा मध्यमवर्गीय हा काही सट्टेबाज नसतो. धनकोंत सरकारी बँकाही आहेत, त्यामुळे ज्यांनी लवासा कधी पाहिलेच नाही त्यांचाही पैसा त्या सांगाड्यांत अडकलेला आहे.

मला मात्र कर्जापेक्षा जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. दासव्याच्या त्या रस्त्यावरचा दिवा गेला तर तो लावणे कुणाचे कर्तव्य? नळाला पाणी आले नाही तर मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा? महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान यांना नगरपालिका आहेत. भांडणाऱ्या असतील, कंगाल असतील, पण निवडून आलेल्या आहेत. कचरा साठला की नगरसेवकाच्या नावाने बोंब मारता येते. लवासात वॉर्ड नव्हता, नगरसेवक नव्हता. होते ते देखभाल शुल्क आणि कंपनीचे कार्यालय. कंपनी धडधाकट होती तोवर रस्ते आरशासारखे होते, हे मी स्वतः पाहिले आहे. कंपनी आडवी झाली त्या दिवसापासून शहराला वालीच उरला नाही. दिवाळखोरीच्या कायद्यात मालमत्ता विकायची सोय आहे, गाव चालवायची नाही.

आणि गाव तिथे आधीपासून होते, हे तर साफच विसरले गेले. मोसे खोरे ही बाजी पासलकरांची भूमी. पुण्याची तहान भागवण्यासाठी वरसगावचे धरण झाले. त्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव दिले आणि खोऱ्यातल्या सुपीक जमिनी त्याच पाण्याखाली गेल्या. खालचे रान गेलेली माणसे वरच्या उतारावर सरकली. मग वरच्या उतारालाही भाव आला. धरणासाठी घेतलेल्या जमिनीपैकी सुमारे 141 हेक्टर कृष्णा खोरे विकास महामंडळाने 2002 मध्ये कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. सिलिंगमध्ये निघून भूमिहीनांना वाटलेल्या जमिनींचे व्यवहार कसे झाले यावर मेधा पाटकर, सुनीती सु. र. आणि खोऱ्यातले कातकरी-धनगर वर्षानुवर्षे बोलत राहिले. पुण्यातल्या दिवाणखान्यांत तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणायची पद्धत होती. फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका निकाली काढली. काही ताशेरे ओढले, पण दाद मागायला फार उशीर झाला आणि मधल्या काळात बरेच काही बांधून झाले, असा एकूण रोख होता. याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तोही शेतकऱ्यांच्या पदरात फारसे काही न पडता संपला. मुळशीला हा अनुभव नवा नाही.

मी हे पत्र लिहिते आहे त्याला एक स्वार्थही आहे. मी पुण्यात राहते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणे भरली की आमचे वर्ष निघते. जुलैत आम्ही आधी टीएमसीचे आकडे वाचतो, बाकीच्या बातम्या नंतर. या चारांत सर्वांत मोठा साठा वरसगावचा. लवासा उभे आहे ते त्याच्याच पाणलोटात. वरच्या अंगाला बंधारे घालून पर्यटकांसाठी तळी राखायची, डोंगर उघडे करायचे, त्यांची माती पावसासोबत धरणात यायची आणि गाळ काढायचा खर्च पुढच्या पिढीने करायचा, असा हा सौदा होता. पुणे महापालिकेला यात कधी कुणी विचारले होते का, याचे उत्तर फाइलमध्ये असेल तर मला वाचायला आवडेल.

एकटे लवासा असते तर एका उद्योजकाची फसलेली उडी म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच मुळशी तालुक्यात, लोणावळ्याच्या बाजूला, आंबवण्याजवळ सहाराची अँबी व्हॅली आहे. ती चकचकीत होती, क्रिकेटपटू आणि नटनट्यांची घरे तिथे होती. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुंतवणूकदारांच्या देण्यापोटी तिच्यावर टाच आणली, लिलावाचा आदेश दिला आणि लिलावाला धड गिऱ्हाईक मिळाले नाही. एका तालुक्यात दोन खासगी गिरिशहरे, आणि दोन्ही न्यायालयाच्या दारात विकायला उभी. याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जुनी थंड हवेची ठिकाणे कशी वाढली ते सरकारी गॅझेटियरांत लिहिलेले आहे. महाबळेश्वर मुंबई इलाख्याचे उन्हाळी ठाणे होते, तिथे दरवर्षी कारभार चालायचा. पाचगणी शाळांवर आणि क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांवर उभी राहिली. माथेरानला 1907 पासून छोटी गाडी होती आणि मुंबई हाताशी होती. प्रत्येक ठिकाणी आधी काहीतरी काम होते. कामामागून बाजार आला, बाजारामागून घोडेवाले, चप्पलवाले, चिक्कीवाले आले, आणि पर्यटक या सगळ्यांनंतर. त्या गावांचेही आज हाल आहेत. मे महिन्यात महाबळेश्वरच्या वाहनकोंडीत अडकलेल्या माणसाला त्यांचे गोडवे ऐकवू नयेत. शिवाय त्यांची सुरुवात साहेबाच्या सोयीसाठी झाली हेही विसरायचे कारण नाही. तरी पर्यटक एक मोसम आले नाहीत म्हणून ती गावे संपत नाहीत. टाळेबंदीत घोडेवाल्यांनी कर्ज काढून घोडे जगवले, पण गाव बंद पडले नाही.

आता नव्या महाबळेश्वराकडे वळते. ज्या भागावर हा आराखडा पडतो त्याच्या एका अंगाला कास पठार, दुसऱ्या अंगाला कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कास आणि कोयना 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. माधव गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल या डोंगरांविषयी काय सांगतो ते आपल्या खात्यात उपलब्ध आहेच. कोयनेच्या शिवसागराने इथली कितीतरी गावे आधीच उठवली, मग अभयारण्याने उरलेल्यांना घेरले. म्हणजे मोसे खोऱ्याचीच कुंडली इथे पुन्हा मांडली जाते आहे: आधी धरण, मग रिसॉर्ट. जमिनीचे दलाल तर आराखड्याच्या पुढे धावत आहेत. 2024 मध्ये पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीच्या जमीनखरेदीचे प्रकरण राज्यभर गाजले, ते आपण विसरला नसाल.

आपले अधिकारी म्हणतील की हा प्रकल्प खासगी नाही, इथे सरकारी महामंडळ आहे. फरक आहे, मान्य. महामंडळ दिवाळखोरीत निघणार नाही. पण ज्याचा हातखंडा द्रुतगती महामार्ग आणि उड्डाणपूल बांधण्याचा आहे, त्याला 235 गावांचे नियोजन दिले तर त्याला डोंगरात आधी काय दिसेल? रस्ता. रस्त्याच्या कडेला प्लॉट पडतात, प्लॉटमागून बुकिंग येते, आणि त्या प्लॉटवर पाटी पर्यटनाचीच लागते. तापोळा-बामणोलीच्या लोकांना बारमाही रस्ता, दवाखान्यात डॉक्टर आणि शाळेत मास्तर हवा आहे. तो द्यायला गिरिस्थान जाहीर करावे लागत नाही, जिल्हा परिषद पुरे.

लवासाला कुणीतरी विकत घेईल. आज नाही तर उद्या, पडत्या भावात का होईना, तळ्याकाठची इतकी जागा पडून राहणार नाही. नवा मालक भिंतींना नवा रंग देईल, नवी माहितीपत्रके छापील. त्या दिवशी न्यायाधिकरण बँकांचे हित पाहील, घरखरेदीदारांचे थोडेफार पाहील. दासवे, मुगाव, धामणओहोळच्या ग्रामसभांना तिथे कुणी विचारणार नाही, कारण त्या धनको नाहीत. त्यांच्या वतीने बोलायचे काम राज्य सरकारचे आहे.

तेव्हा माझी मागणी आहे की येत्या अधिवेशनात लवासाची श्वेतपत्रिका सभागृहापुढे ठेवा. कोणत्या जमिनी कोणत्या दराने दिल्या, नियोजनाचे अधिकार कुणाच्या टिपणीवर बहाल झाले, पर्यावरण मंजुरीच्या अटींपैकी किती पाळल्या गेल्या, सिलिंगच्या जमिनींचे सातबारे आज कुणाच्या नावावर आहेत आणि खोऱ्यातल्या किती जणांना कायमची नोकरी मिळाली, हे सगळे त्यात असावे. नव्या मालकाला एकही परवानगी देण्याआधी दासव्याला निवडून आलेली नगरपंचायत द्या, तिथे घर असलेल्यांना आणि मूळ गावकऱ्यांना एकाच मतदारयादीत आणा. आणि ही श्वेतपत्रिका जनतेने वाचेपर्यंत नव्या महाबळेश्वराचा आराखडा स्थगित ठेवा. त्यावरच्या हरकतींची सुनावणी साताऱ्याच्या सभागृहात उरकू नका, बामणोलीत, तापोळ्यात, कोयनेच्या काठच्या गावांत घ्या. पावसाळ्यात घेतलीत तर फारच उत्तम. डोंगर काय म्हणतो तेही त्यात ऐकू येईल.

कळावे,

आपली,
वरसगावचे पाणी पिणारी एक पुणेकर